मदत हवी आहे: मिडवाइफने न विचारता स्वीप केलं, कुठे आणि कसं सांगू? (इंग्लंड)

नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये बाळंतपण झालेल्या किंवा एनएचएसमध्ये (इथली सरकारी आरोग्यसेवा) काम करणाऱ्या कोणाचा तरी सल्ला हवा आहे.

माझं पहिलं बाळंतपण. लेक आता साडेतीन महिन्यांची आहे, आम्ही दोघी ठणठणीत. ४० आठवडे आणि ३ दिवस झाले होते तेव्हा नेहमीच्या कम्युनिटी मिडवाइफकडे (गरोदरपणात तपासणारी प्रशिक्षित सुईण) गेले. "आतून तपासून बघू का?" असं तिने विचारलं, मी हो म्हटलं. मध्येच जीव कळवळला. हातमोजे काढता काढता ती म्हणाली, "तपासतच होते, तर स्वीपही करून टाकलं." (माहीत नसणाऱ्यांसाठी: बोट फिरवून गर्भाचं आवरण गर्भाशयाच्या तोंडापासून सुटं करतात, कळा लवकर सुरू व्हाव्यात म्हणून.) आणि मी काय केलं? "थँक यू" म्हणून बाहेर पडले. त्याचाच राग जास्त येतो.

बाई वाईट नाही हो. माझं बीपी चढतंय हे तिनेच वेळेत पकडलं, एकदा तर ड्यूटी संपल्यावर फोन करून चौकशी केली. म्हणून इतके दिवस गप्प होते. पण गेल्या आठवड्यात अ‍ॅपवर जुन्या नोट्स चाळताना त्या दिवशीची नोंद दिसली: तोंडी संमती घेऊन स्वीप केलं. त्या रात्री झोप लागली नाही (तशी एरवीही नसते, पण ही वेगळी).

नवरा म्हणतो, सरळ तक्रार ठोक. आई फोनवर म्हणते, "पोर सुखरूप हातात आली ना? मग कशाला उकरून काढतेस?" मला तिच्या नोकरीवर गदा आणायची नाही. पुढच्या बाईला तिने आधी विचारावं आणि ती नोंद दुरुस्त व्हावी, एवढंच. दुसऱ्या खेपेला हीच मिडवाइफ वाट्याला आली तर, ही भीती आहेच. शिवाय बाळंतपणाच्या रात्रीची मिडवाइफ दर वेळी हात लावण्याआधी विचारायची. तिचं कौतुक कुठे कळवतात?

रातपाळी: मी इथे मिडवाइफ आहे. नर्सिंग मिरजेला केलं, मिडवाइफरी इथे येऊन. तपासणीला हो म्हणजे स्वीपला हो नव्हे, दोन्हींची संमती वेगळी. नाइस म्हणजे इथे उपचारांचे निकष ठरवणारी संस्था, तिच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्वीपआधी तोंडी संमती घ्या असं स्पष्ट लिहिलंय. तुम्ही उगाच बाऊ करत नाही आहात.

आधी हॉस्पिटलच्या मॅटर्निटी विभागाला फोन करून डिब्रीफ मागा. बऱ्याच ठिकाणी त्याला 'बर्थ रिफ्लेक्शन्स' म्हणतात. अनुभवी मिडवाइफ तुमच्या नोट्स समोर ठेवून बोलते. ते नको असेल तर पॅल्स, म्हणजे रुग्णांचं गाऱ्हाणं ऐकणारी हॉस्पिटलमधलीच खिडकी. लेखी तक्रारीला घटनेपासून १२ महिने असतात, तेव्हा घाई नाही. ती केलीत तर ३ कामकाजाच्या दिवसांत पोच यायला हवी, आणि उत्तर पटलं नाही तर पुढे ओम्बड्समन आहे, म्हणजे तक्रारींचा स्वतंत्र निवाडा करणारं कार्यालय. एनएमसीकडे (नर्स-मिडवाइफची नोंदणी करणारी संस्था) थेट जाऊ नका. ते मिडवाइफच्या परवान्यापर्यंत जाणारं प्रकरण आहे आणि तुम्हाला तर ते नकोच आहे.

नोंदीचं म्हणाल तर मूळ वाक्य सहसा खोडत नाहीत, पण "रुग्णाच्या म्हणण्यानुसार संमती विचारली नव्हती" असं तुमचं म्हणणं त्याला जोडून घेता येतं. तसा लेखी आग्रह धरा. अ‍ॅपवर सगळं दिसतंच असं नाही. पूर्ण नोट्स मागवा, फुकट मिळतात, साधारण महिन्याभरात.

भाकरतुकडा: स्पष्ट बोलतो, राग मानू नका. स्वीप झालं, कळा आल्या, बाळ आलं. साडेतीन महिन्यांनी हे कशाला?

निवडुंग: @भाकरतुकडा, दात दाखवायला गेलात आणि डॉक्टरने न विचारता दाढ काढली तर, दाढ किडकीच होती म्हणून गप्प बसाल का?

धागाकर्ती, माझं डिब्रीफ दुसऱ्या कारणासाठी झालं होतं, दीड तास बोलले. नवऱ्याला न्या, तो लिहून घेईल. आणि भीतीचं म्हणाल तर तक्रारीचे कागद आपल्या वैद्यकीय नोट्सपासून वेगळे ठेवतात, आणि पुढच्या वेळी दुसरी मिडवाइफ मागता येते. कारण सांगायचं बंधन नाही.

रातपाळी: कौतुकाचं राहिलंच. फोनवर मेसेज येतो त्या सर्व्हेत लिहिलंत तर ते निनावी जातं. पॅल्सला किंवा वॉर्डच्या मॅनेजरला ईमेल करा, तिचं नाव आणि तारीख घालून. आम्हाला दर ३ वर्षांनी नोंदणी टिकवताना कामाबद्दलचे ५ अभिप्राय दाखवावे लागतात. असं पत्र आम्ही जपून ठेवतो.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार, भाकरतुकडा तुमचेही. मंगळवारी डिब्रीफसाठी फोन करतेय. पॅल्सचा ईमेल लिहून ठेवलाय. सुरुवात अशी केली आहे: तुम्ही सगळे किती कामात असता याची कल्पना आहे, त्रास देतेय त्याबद्दल माफ करा. ठीक वाटतंय का?

रातपाळी: ते वाक्य काढा. तारखेपासून सुरू करा.