सोलापुरातून नव्या विज्ञानकथा-अद्भुतकथांचा संग्रह काढायलोय, संपादनाचं सांगा

साखरपेठी:
नमस्कार मंडळी. साखर पेठेत माझं डीटीपी आणि बाइंडिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिका मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत, उर्दूत, गिऱ्हाईक मागेल तशा. वाचनाचं वेड दिवाळी अंकांवर पोसलेलं. आता स्वतःच एक पुस्तक काढायचं मनात घेतलंय. विज्ञानकथा आणि अद्भुतकथा, सगळ्या कोऱ्या, आधी कुठंही न छापलेल्या. डेमी आकार, १२ फर्मे, म्हणजे १९२ पानं. छपाईचं गणित मला कळतं, ते विचारत नाही. संपादनाचं विचारायलोय.

ओळखीपाळखीत निरोप दिला तर कथा धडाधड यायल्यात. पण काय यायल्यात बघा की ओ. निम्म्याहून जास्त गोष्टींत शास्त्रज्ञ पुण्याचा, प्रयोगशाळा डोंगरात, आणि शेवटच्या परिच्छेदात कळतं की सांगणारा रोबो होता. लिहिणारे सगळे इथलेच. यंत्रमागवाले, मास्तर, एक बाई दवाखान्यात कामाला. पण गोष्टीत सोलापूर औषधालाही नाही. इथं मे महिन्यात डांबर चपलेला चिकटतंय, नळाला पाणी चार दिवसांआड, आणि ह्यांच्या गोष्टीत बर्फ पडायलाय!

दोनच कथांनी मला झोपू दिलं नाही. पद्मशाली या विणकर समाजात सांगतात, मार्कंडेयांच्या वंशातल्या भावनाऋषींनी कमळाच्या तंतूंचं देवांसाठी पहिलं कापड विणलं. आमच्या एका लेखकानं तोच तंतू आजच्या मागावर चढवलाय. ताण किती सोसतो, हवा कोरडी झाली की धागा का तुटतो, बॉबिन कशी भरायची, सगळं चोख. कापड उतरतं, आणि ते पांघरणाऱ्याला घाम येत नाही. पुढं पुढं भूकही लागत नाही. कारखान्याचा मालक लगेच कामगारांना एकेक चादर वाटतो. दुसरी गोष्ट उजनीच्या फुगवट्यातली. धरणात बुडालेलं गाव दुष्काळात उघडं पडतं, म्हातारी माणसं आपापली जोती ओळखायला जातात, तर तिथं एक घर जास्त निघतं.

आता प्रश्न. 'सोलापूर, पन्नास वर्षांनी' असा विषय बांधून द्यावा का? विज्ञान आणि अद्भुत एका पुस्तकात चालतं का? नकार कसा कळवायचा, कारण उद्या हीच माणसं पोराची पत्रिका छापायला दुकानात येणार. आणि हक्कांचं कागदावर काय घ्यायचं?

जुना_बाजार:
साखरपेठी, आधी नावं झाका. दुकानातल्या पोराला सांगा, कथेवरचं नाव काढून नुसता क्रमांक टाकायचा आणि मगच तुमच्या हातात द्यायची. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा पहिली आली. लेखक नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून. आपल्या नावाच्या वजनानं निकाल लागू नये म्हणून मोठ्या माणसानं स्वतः नाव लपवलं. तुमच्याकडं लेखक लपवणार नाहीत, तेव्हा ते काम संपादकानं करायचं. याचा दुसरा फायदा नकाराच्या वेळी कळेल. "वाचताना नाव माहीत नव्हतं" हे वाक्य खरं असलं की तोंड वर करून सांगता येतं.

कोऱ्या कथांची सवय मराठीला आहेच. 'नवल', 'धनंजय' यांच्या दिवाळी अंकांनी गूढ, अद्भुत आणि विज्ञान वर्षानुवर्षं एकाच मांडीवर वाढवलं. पण अंक संक्रांतीपर्यंत टिकतो, मग रद्दीत. मी रविवारी जुन्या पुस्तकांच्या बाजारात तेच हुडकत फिरतो. नंतर गोष्टी पुस्तकात येतात त्या बहुधा एकाच लेखकाच्या संग्रहात. पुष्कळ लेखकांच्या नव्या गोष्टी एका संपादकानं मागवून, घासून, थेट पुस्तकात आणायच्या, हे आपल्याकडं कमी झालं.

इंग्रजीत याची मोठी परंपरा आहे. फ्रेडरिक पोलनं १९५३ साली 'स्टार सायन्स फिक्शन स्टोरीज' काढलं. तिबेटी मठात संगणक जातो ती आर्थर क्लार्कची गोष्ट त्यातच पहिल्यांदा छापली गेली. डेमन नाइटचं 'ऑर्बिट' १९६६ ते १९८० चाललं, २१ खंड. हार्लन एलिसनचं 'डेंजरस व्हिजन्स' १९६७ चं, ३३ कथा, प्रत्येकीच्या आधी संपादकाची प्रस्तावना आणि मागं लेखकाचं टिपण. त्या प्रस्तावना मला कधीकधी कथांहून लांब वाटतात, पण कल्पना झकास. तुमच्या मागवाल्या लेखकाकडून पानभर मागच्या बाजूला लिहून घ्याच.

विषयाबद्दल म्हणाल तर बांधून द्या, पण 'पन्नास वर्षांनी' नको. त्यानं सगळे उडत्या रिक्षा लिहितील. 'ब्रेकिंग द बो' हा २०१२ चा इंग्रजी संग्रह बघा, संपादक अनिल मेनन आणि वंदना सिंह. रामायण हा धागा दिला आणि पुढं मोकळं सोडलं, म्हणून त्यात अवकाशयानंही आली नि राक्षसही. तुम्ही 'पाणी' द्या. नाहीतर 'ऊन'.

तर्कट:
माझं मत वेगळं. एकत्र करू नका. विज्ञानकथेत लेखक वाचकाशी एक करार करतो. एक अशक्य गोष्ट गृहीत धर, बाकी सगळं नियमानं चालेल. अद्भुतकथेला तो करार नसतो. चादर अंगावर घेतल्यावर घाम येत नाही इथपर्यंत मी कथेबरोबर होतो. भूक लागत नाही म्हटलं आणि गोष्ट माझ्या हातातून सुटली. शरीराला उष्मांक कुठून मिळतात? लेखकानं एक वाक्य तरी खर्च करायचं. आधीच आपल्याकडं पुराणात विमानं होती म्हणणारे कमी आहेत का? त्यात कमळतंतू आणि यंत्रमाग एकाच पुस्तकात 'विज्ञान' म्हणून छापलात की उद्या कोणीतरी ते पुरावा म्हणून फिरवेल.

लातूरकरीण:
तर्कट, मुखपृष्ठावर 'अद्भुत' हा शब्द मोठ्या टायपात टाकला की तुमची भीती निम्मी कमी होते. मी हक्कांबद्दल लिहिते, कारण त्यात मी पोळले आहे. एका नियोजित संग्रहाला मी कथा दिली. स्वीकारली, अभिनंदन झालं, आणि पुस्तक काही निघालं नाही. दुसरीकडं द्यावी तर "आमच्याकडं आहे" म्हणत. कागद केलेलाच नव्हता.

हे जगभर झालंय. एलिसननं त्याच मालिकेचा तिसरा भाग, 'द लास्ट डेंजरस व्हिजन्स', १९७३ साठी जाहीर केला होता. शंभराहून जास्त कथा घेऊन ठेवल्या. वर्षं गेली, कित्येक लेखक वाट बघत वारले, २०१८ मध्ये एलिसनही गेले. पुस्तक २०२४ मध्ये निघालं आणि त्यात जुन्यांपैकी थोड्याच कथा होत्या.

आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा लेखकाच्या बाजूनं बराच बोलतो. कलम १९ वाचा. हक्क लेखी आणि सहीनिशीच देता येतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि हक्क घेणाऱ्यानं वर्षभरात ते वापरले नाहीत तर, करारात वेगळं काही नसल्यास, ते हक्क आपोआप सुटतात. तुम्ही याच्या पुढं जा. एका पानावर साध्या मराठीत लिहा. हक्क फक्त या पुस्तकापुरता, पहिल्या छपाईचा. पुस्तक अमुक तारखेपर्यंत निघालं नाही तर कथा मोकळी. ऑडिओ, भाषांतर, वेबमालिका यांतलं काहीही तुमचं नाही. आणि मानधन पाचशे रुपये का असेना, कथा स्वीकारतानाच द्या. 'विक्री झाल्यावर बघू' म्हणालात की तुमच्याकडं पुन्हा पुण्याचा शास्त्रज्ञच येणार.

साखरपेठी:
ताई, पानभर करार मी आज रात्रीच टाइप करतो. तारीखही घालतो, पुढच्या गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेआधीची. तोवर निघालं नाही तर सगळ्यांच्या कथा मोकळ्या.

तर्कटसाहेब, उष्मांकाचं लेखकाला विचारलं. तो रात्रपाळीचा माणूस, म्हणाला, "भूक लागत नाही म्हटलं ओ, अन्न लागत नाही असं कुठं म्हटलं? माणसं वाळायलीत, पण कळत नाही." मी परत वाचलं तर खरंच, तिसऱ्या पानावर एकाची पँट कमरेतून घसरती, त्यावर कोणीच काही बोलत नाही. ते मी सुद्धा ओलांडून गेलतो. आता सांगा, ही कुठल्या ढिगात टाकू?

विषय 'ऊन' ठरवला. पाण्यावर लिहा म्हटलं तर सगळे महापालिकेला शिव्या लिहून देतील.

तर्कट:
असं असेल तर ती विज्ञानकथा आहे, आणि चांगली आहे. ती पँट तिसऱ्या पानावरच राहू द्या, पुढं आणून ठळक करू नका. उजनीच्या घराला मात्र कारण देऊ नका म्हणावं, दिलं तर बिघडेल. एकत्र काढा मग, पण 'विज्ञान' आणि 'अद्भुत' असे विभाग पाडू नका. वाचकाला ठरवू द्या.

जुना_बाजार:
शब्दमर्यादा किती? बाहेरगावच्यांना चालतं का?

साखरपेठी:
चालतं की. ऊन काय फक्त आमच्याकडंच पडतंय? पाच हजार शब्दांपर्यंत. कथा युनिकोडमध्येच पाठवा. जुन्या फाँटमधली फाइल आली की सगळी जोडाक्षरं फुटतात आणि मग मला रात्रभर रफार शोधत बसावं लागतं. वहीचे फोटो काढून पाठवणाऱ्यांना हात जोडतो, पाठवू नका. रोबो चालेल, पण तो सांगणारा आहे हे पहिल्याच ओळीत कळू दे.