मदत हवी आहे: नैराश्यावर चुंबकीय उपचार (टीएमएस), मेंदूतल्या जोडण्यांवर काय परिणाम होतो?

नमस्कार मंडळी. माझे दाजी जालन्याकडं शेती करतात. बरेच दिवस नैराश्य आहे, दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसात घेऊनही उतार नाही. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी टीएमएस सुचवलंय, आठवड्यातून ५ दिवस, ४ ते ६ आठवडे. पहिल्या दिवशी डोक्यावर कॉइल (चुंबकीय झटके देणारं तारेचं वेटोळं) धरून उजव्या हाताचा अंगठा कधी उडतो ते बघितलं आणि त्यावरून ताकद ठरवली. कानात बोळे घालूनही टकटक ऐकू येते म्हणे. आक्का तेवढ्यानंच धास्तावली, "मेंदूच्या तारा हलल्या तर?" म्हणती.

मलाही एक कोडं आहे. चुंबकाचा जोर कवटीखाली २-३ सेंटिमीटरच पोचतो, आणि नैराश्याशी जोडलेला मेंदूचा भाग, सबजेन्युअल सिंग्युलेट, तर पार खोलात. मग तिथं फरक पडतो कसा? आणि कॉइल धरायची जागा शोधायला फंक्शनल एमआरआय (मेंदूची हालचाल दाखवणारा स्कॅन) करावाच लागतो का? तो खर्च सोसायचा का, हे ठरवायचंय. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
आक्कांना आधी सांगा, तारा तुटत नाहीत. झरझर बदलणारं चुंबकीय क्षेत्र कपाळामागच्या डाव्या भागातल्या पेशींत बारीक वीज उठवतं, आणि ती खळबळ मज्जातंतूंनी पुढं जाते. पाटाच्या तोंडाशी सोडलेलं पाणी शेवटच्या वाफ्यात पोचतं, तसं. २०१२ च्या एका अभ्यासात दिसलं की ज्या जागेची हालचाल सबजेन्युअलच्या उलट चालते (एक चढलं की दुसरं उतरतं), तिथं दिलेल्या उपचाराचा गुण जास्त. वारंवार सत्रं दिल्यावर या दोन जागांच्या हालचालींचं नातं बदलतं, पण सगळ्यांत एकाच दिशेनं नाही. कायमचंही नसतं, काहींना पुन्हा सत्रं लागतात.

एमआरआय सक्तीचा नाही. अमेरिकेत २००८ साली मान्यता मिळाली ती डोक्यावर मोजमाप करून जागा ठरवण्याच्या पद्धतीला. माझं मत, तो पैसा रोजच्या जाण्यायेण्याला ठेवा, सत्रं चुकवू नका.

दाजींना कधी फिट आली असेल, डोक्यात क्लिप किंवा कानात इम्प्लांट असेल, तर डॉक्टरांना आजच सांगा. गोळ्या स्वतःहून बंद करू नका. आणि जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दवाखाना गाठा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ रात्रीही चालू असतो.