मदत हवी आहे: हे घरी येतायत, एकटीने कसं सांभाळू?

हॉस्पिटलमधल्या बऱ्याच मोठ्या मुक्कामानंतर ह्यांना या आठवड्यात डिस्चार्ज मिळतोय. पायांतली ताकद पार गेलीय, उठवून बसवलं की चक्कर येते. दर 2 तासांनी कूस बदलायला सांगितलंय. माकडहाडापाशी एक लाल चट्टा आहे, बोटाने दाबला तरी पांढरा पडत नाही. डॉक्टरांना दाखवलाय, पण पडून राहून त्याची जखम (बेडसोर) होईल याचीच मला जास्त धास्ती वाटते. एअर बेड (हवेची गादी) भाड्याने घ्यावा की विकत? रात्री मी एकटीच असेन. खाली आडवी चादर घालून कूस बदलणं कोणाला जमलंय का?

आणि एक. अंग पुसताना हे तोंड भिंतीकडे वळवतात, बोलतच नाहीत. त्यांना अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून तुम्ही काय केलंत? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.