मदत हवी आहे: इंटेरिअरच्या कामाचा दर आणि हप्ते कसे ठरवता?

नमस्कार मंडळी. वरूडजवळच्या गावात मी तीन वर्षांपासून घरांचं इंटेरिअर करतो. किचन ट्रॉली, कपाटं, पीओपी, देवघर. आजवर मालासकट चौरस फुटाचा एकच दर सांगायचो. मागच्या कामात मधेच प्लायचा भाव वाढला, आणि नागपूरहून माल आणायचं भाडं तर मी धरलंच नव्हतं. दोन महिने राबून हातात काहीच उरलं नाही.

इथली माणसं पैसे बुडवत नाहीत, पण पैसा संत्र्याचा बगीचा विकल्यावरच येतो. फळगळ झाली की माझा हप्ता लांबतो. सुताराला मात्र बाजाराच्या दिवशी मजुरी द्यावीच लागते, त्याच्याही घरी चूल आहे.

५० टक्के आगाऊ, ३० माल उतरल्यावर, २० काम संपल्यावर, असं गावाकडे कोणाला जमलंय का? डिझाइनची फी वेगळी कशी मागता? "नुसत्या नकाशाचे कसले पैसे?" असं विचारतात. शिवाय उलाढाल २० लाखांकडे चालली आहे, म्हणजे जीएसटी नोंदणी आलीच. १८ टक्के वर लावले तर गिऱ्हाईक टिकेल का? प्लायचं बिल दुकानदाराकडून थेट घरमालकाच्या नावे करून घेणं बरं पडेल का? अनुभव असलेल्या दादा-ताईंनी कृपया सांगा, पुढच्या आठवड्यात नवीन कामाचं कोटेशन द्यायचं आहे.