मदत हवी आहे : कातकरी वाडीला गावच्या आरोग्य समितीत जागा कशी मिळवून द्यायची?

नमस्कार मंडळी. माणगाव तालुक्यातल्या आमच्या गावाला लागून कातकरी वाडी आहे. दिवाळी झाली की निम्मी घरं वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात बाळांच्या लसी चुकतात, गरोदर बायांची तपासणी होत नाही. आशाताई धडपडतात, पण भट्टी दुसऱ्या जिल्ह्यात असली की त्यांचा हात पोचत नाही.

कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. तरीही आमचा रायगड जिल्हा अनुसूचित (सरकारने आदिवासी म्हणून जाहीर केलेल्या) क्षेत्रात नाही, त्यामुळे इथे पेसा (आदिवासी पाड्यांना स्वतःच्या ग्रामसभेचा हक्क देणारा कायदा) लागू नाही आणि वाडीची स्वतःची ग्रामसभा नाही. सगळं गावकीच्या मर्जीवर. हे मला फार लागतं, कारण पाणी आणि औषध मागायलाही त्यांना आमच्या तोंडाकडे बघावं लागतं.

ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत वाडीतल्या दोन बायका तरी घ्याव्यात असं आम्हा काही जणांचं ठरलंय. सरपंचांचा विरोध नाही, उत्साहही नाही.

पेण, सुधागड, कर्जतकडे कुणी हे करून दाखवलंय का? ठराव कसा लिहिला? बैठक संध्याकाळी ठेवली का? (दिवसाची मजुरी बुडवून कोण येणार!) पीएम-जनमन या अतिअसुरक्षित जमातींसाठीच्या केंद्राच्या योजनेतलं फिरतं आरोग्य पथक भट्टीवर न्यायला अर्ज कुणाकडे करायचा? ठरावाचा नमुना असेल तर कृपया इथेच टाका, ग्रामसभा जवळ आलीय.