वजन उतरले, साखर उतरली. रक्तदाब मात्र का उतरत नाही?

खानापूरकर
नमस्कार. माझे वय ४८. श्रावणापासून चार महिन्यांत माझे वजन ८६ किलोवरून ७९ वर आले. दोन्ही वेळचा भात सोडून जोंधळ्याची भाकरी, उसळ आणि शेंगदाण्याची चटणी एवढ्यावर राहिलो. दिवाळीत कुंद्यालाही हात लावला नाही. उपाशीपोटीची साखर ११० वरून ९६ वर आणि इन्सुलिन १८ वरून १० वर आले. रक्तदाब मात्र १४८/९२ होता, तो १४४/९० च्या खाली येण्यास तयार नाही. कोणतीही गोळी सुरू नाही. एकाच आहाराने एक दुखणे हटावे आणि दुसरे जागचे हलू नये, याचे कारण काय असावे?

शहापूरची आहारतज्ज्ञ
दादा, उपाशीपोटीची साखर आणि इन्सुलिन यांचा गुणाकार करून ४०५ ने भागले की होमा-आयआर हा आकडा मिळतो. शरीर इन्सुलिनला जितकी कमी दाद देते, तितका तो मोठा. तुमचा तो ४.९ वरून २.४ वर, म्हणजे निम्म्यावर आला आहे. आहार घटला की यकृतात साठलेली चरबी फार लवकर वापरली जाते आणि यकृत पुन्हा इन्सुलिनचे ऐकू लागते. न्यूकॅसल विद्यापीठातील रॉय टेलर यांच्या २०११ च्या अभ्यासात रोज सुमारे ६०० कॅलरी घेणाऱ्या ११ मधुमेहींची उपाशीपोटीची साखर पहिल्या आठवड्यातच पूर्वपदावर आली होती. (तो आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली होता, घरी कोणी करून पाहू नये.)

रक्तदाबाचे गणित निराळे आहे. ढोबळमानाने एका किलोमागे वरचा दाब एका अंकाने उतरतो, म्हणजे तुमचा सातने उतरायला हवा होता आणि उतरला चारने. प्रत्येकाचे शरीर या हिशोबाने चालत नाही, तरीही मला संशय येतो तो मिठाचा. वाढलेले इन्सुलिन मूत्रपिंडाला सोडियम धरून ठेवायला लावते. ते कमी झाले की सोडियम लघवीवाटे निघून जाऊ लागते, पण तितकेच मीठ तोंडाने परत आत येत असेल तर पदरात काय पडणार? आपल्याकडे भात बहुधा बिनमिठाचा शिजतो, आणि भाकरीला मात्र चटणी, खर्डा, लोणचे, पापड असे काहीतरी खारट लागतेच. तुम्ही भात सोडलात आणि नकळत मीठ वाढवलेत, असे मला वाटते. भाज्या, फळे व कमी स्निग्धांशाचे दूध यांवर भर देणाऱ्या 'डॅश' आहाराची २००१ मध्ये मिठासह चाचणी झाली, तेव्हा आहार आणि मीठ दोन्ही बदलणाऱ्यांचा दाब सर्वाधिक उतरला होता.

मीठ मोजण्याचा सोपा मार्ग सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे. म्हणजे चार माणसांच्या घरात किलोचा पुडा निदान ५० दिवस पुरायला हवा. तुमच्या घरी तो किती दिवस पुरतो? सैंधव वापरत असाल तर तेही धरा. उपवासाचे झाले तरी ते सोडियमच. मात्र १४४/९० हा आकडा डॉक्टरांना दाखवण्यात दिरंगाई करू नका.

निपाणीकर
ताईंच्या उत्तराला एक पुस्ती जोडतो. ज्यांना गोळ्या सुरू आहेत, त्यांनी आहार बदलण्याआधी डॉक्टरांना विचारावे. माझ्या वडिलांना लघवी वाढवणाऱ्या औषधासह रक्तदाबाची गोळी आणि साखरेसाठी ग्लिमेपिराइड सुरू होते. कोणाचे तरी ऐकून त्यांनी भाकरी आणि भात दोन्ही एकदम सोडले. आठव्या दिवशी पहाटे म्हशीची धार काढून उठताना त्यांना भोवळ आली आणि ते दावणीला धरून खाली बसले. चरवी कलंडून दूध सांडले. दाब १०२/६४ भरला आणि साखरही खाली गेली होती. शरीरातील मीठ-पाणी आधीच उतरलेले असताना गोळ्यांची मात्रा जुन्याच वजनाची राहिली होती. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड बंद केले आणि रक्तदाबाची गोळी बदलून दिली.

खानापूरकर
ताई, नवा पुडा फोडला की सौभाग्यवती कॅलेंडरवर खूण करते, हे मला आजच समजले. आमच्या चौघांत किलोभर मीठ २१ दिवसांत संपते, म्हणजे माणशी जवळपास १२ ग्रॅम, आणि त्यात पापड-लोणच्याचे मीठ धरलेलेच नाही, कारण ते मेहुणीकडून तयार येते. कालपासून चटणीतले मीठ निम्मे करून लसूण वाढवला आहे. मुलांनी ताटे बाजूला सारली, हेही नोंदवतो. सोमवारी डॉक्टरांकडे जाणार आहे. रोज सकाळी पाच मिनिटे स्वस्थ बसून दाब मोजीन आणि महिन्याने आकडे येथे कळवीन.