मदत हवी आहे : स्थिर दृश्यातली अस्वस्थता आवाजाने कशी टिकवावी?

मी ११ मिनिटांचा एक भयपट संकलित करत असून त्यातील एकाच दृश्यापाशी अडलो आहे. चौकट ४:३ ची आहे, कॅमेरा हलत नाही, आणि अंधाऱ्या बोळाच्या टोकाचे अर्धवट उघडे दार ९० सेकंद तसेच दिसत राहते; दारामागून कोणीही येत नाही, आणि येऊही नये.

प्रथम मी ४० हर्ट्झच्या आसपासची सलग घरघर दिली होती. हेडफोनवर ती स्पष्ट जाणवते, मोबाइलच्या स्पीकरवर मात्र जवळजवळ नाहीशी होते. म्हणून तिच्यावर ८०, १२० आणि १६० हर्ट्झचे स्वर चढवले, कारण वरचे स्वर ऐकू आले की कान मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. याचा उपयोग झाला, परंतु अर्ध्या मिनिटात कान त्या आवाजाला सरावतो आणि दृश्य नुसतेच लांबलेले वाटू लागते. घरघर अचानक तोडून पाहिली, तेव्हा प्रेक्षक दचकण्याच्या तयारीने सावरून बसले, जे मला नेमके नको आहे. नळाची ठिबक तर फारच ओळखीची वाटली.

पुन्हा चित्रीकरण शक्य नाही, पार्श्वसंगीत वापरायचे नाही. मात्र चित्राचा उजेड-अंधार कमीजास्त करणे आणि ध्वनिमिश्रण अद्याप माझ्या हातात आहे. अशा वेळी आवाजाची पातळी न वाढवता, केवळ त्याचा पोत किंवा दिशा इतक्या संथपणे कशी बदलावी, की बदल लक्षात येणार नाही पण अस्वस्थता वाढत राहील? की दाराच्या फटीतला अंधारच हळूहळू गडद करत नेणे अधिक परिणामकारक ठरेल?